संगीत संशयकल्लोळ : बेळगावच्या शाळेत घडलेल्या नाटककाराची विनोदी संदर्भसृष्टी

'संगीत संशयकल्लोळ' हे गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचे तीन भाषांचा प्रवास करून आलेले विनोदी नाटक. त्याचे मूळ बीज १६६० मधील एका फ्रेंच प्रहसनात आहे. तेथून ते १७६१ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर रुजले आणि १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने मराठीत अवतरले. १९१६ मध्ये पदांची जोड मिळून ते 'संगीत संशयकल्लोळ' झाले. शंभर वर्षांहून अधिक काळ ते रंगमंचावर टिकून आहे. परक्या कथानकावर बेतलेले असूनही प्रेक्षकांना ते कधी परके वाटले नाही. पात्रांची नावे, पदांच्या चाली, पूर्वीच्या नाटकांचे पडसाद आणि भोवतालच्या समाजातील वाद अशा प्रेक्षकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींचे दाट जाळे देवलांनी त्यात विणले, हे त्याचे प्रमुख कारण होय. प्रस्तुत लेखात या संदर्भसृष्टीचा आणि तिच्यामागील बेळगावच्या वारशाचा परिचय करून दिला आहे.

विडंबन, रूपांतर आणि संदर्भ

या तीन संज्ञा अनेकदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. मात्र त्यांत फरक आहे. रूपांतरात परक्या कृतीचे कथानक घेऊन तिला आपल्या समाजाचा पोशाख चढवला जातो. प्रेक्षकाला मूळ कृती ठाऊक नसली तरी काही बिघडत नाही. विडंबनात एखाद्या परिचित कृतीची किंवा शैलीची नक्कल करून तिची थट्टा केली जाते, आणि येथे मूळ ठाऊक असल्यावाचून हसू येत नाही. आचार्य अत्रे यांचा १९२५ मधील 'झेंडूची फुले' हा संग्रह मराठीतील याचा ठळक नमुना. संदर्भ हा या दोहोंहून हलका प्रकार आहे. जाता जाता केलेला इशारा ज्याला कळतो, त्याला अधिकचा आनंद मिळतो. ज्याला कळत नाही, त्याचीही कथा अडत नाही.

आजच्या दूरचित्रवाणीवरील व्यंगचित्र-विनोदिकांचे तंत्र याच तिन्हींच्या मिश्रणावर उभे आहे. 'द सिम्पसन्स' या अमेरिकी मालिकेतील १९९३ चा एक गाजलेला भाग 'केप फियर' या भीतिपटाचे विडंबन आहे. त्यातील खलनायकाला रोखून धरण्यासाठी त्याच्याकडून १८७८ मधील 'एच. एम. एस. पिनाफोर' ही इंग्रजी संगीतिका गाऊन घेतली जाते. चित्रपट ठाऊक असलेला एक प्रेक्षक, संगीतिका ठाऊक असलेला दुसरा आणि दोन्ही ठाऊक नसलेला तिसरा, असे तिघेही एकाच वेळी हसतात. देवलांच्या प्रहसनाची घडण या दृष्टीने फार दूरची नाही.

बेळगावची पार्श्वभूमी

देवलांचा जन्म सांगलीजवळच्या हरिपूरचा. त्यांचे शिक्षण बेळगावात झाले आणि पुढे तेथेच त्यांनी काही काळ शिक्षकी केली. याच शहरात त्यांना बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) यांचा सहवास लाभला. मराठी संगीत नाटकाचे जनक मानले जाणारे अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८६६ मध्ये त्यांनी बेळगावात 'भारतशास्त्रोत्तेजक मंडळी' स्थापन केली होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि मराठी रंगभूमीचे एक नवे पर्व सुरू झाले. देवल किर्लोस्कर मंडळीत नट म्हणून आणि त्याहून अधिक तालीम देणारे मास्तर म्हणून वावरले. मराठी रंगभूमीवरील आरंभीच्या थोर दिग्दर्शकांत त्यांची गणना होते.

या दोघांची जडणघडण ज्या प्रदेशात झाली, तेथे दोन भाषा कानांवर एकाच वेळी पडत. कोल्हापूरहून निपाणीमार्गे बेळगावला आणि पुढे धारवाड-हुबळीला जाणाऱ्या वाटेवर कोणत्याही एका ठिकाणी बोट ठेवून मराठी येथे संपली आणि कानडी येथे सुरू झाली असे म्हणता येत नाही. नाटकांची देवघेवही याच पट्ट्यात दोन्ही दिशांनी झाली. कर्की येथील भागवत मंडळींचे कानडी खेळ सांगलीत झाले, आणि ते पाहून विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणले. त्याचे स्मरण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो. पुढे उत्तर कर्नाटकात मराठी नाटके इतकी लोकप्रिय झाली की, १८७० च्या दशकात गदगच्या शांतकवींनी कानडी नाटकासाठी स्वतंत्र मंडळी उभारण्याचे मनावर घेतले. एका भाषेतील कृती दुसऱ्या भाषेत नेताना काय बदलावे लागते, याचे शिक्षण या प्रदेशात वाढलेल्या माणसाला पुस्तकाआधीच मिळत असे.

कथानक

फाल्गुनराव हा संशयी स्वभावाचा गृहस्थ आणि कृत्तिका ही त्याची तितकीच संशयी पत्नी. रेवती ही नायकिणीची मुलगी. अश्विनशेठ या श्रीमंत तरुणाचे तिच्यावर प्रेम आहे आणि तिच्याशी विवाह करण्याचा त्याचा मानस आहे. रेवतीला वाटेत घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरतो. कृत्तिकेला दिसते ते एवढेच, की आपल्या नवऱ्याने एका परक्या तरुणीला धरले आहे. त्या गडबडीत अश्विनशेठची तसबीर रेवतीकडून पडते आणि ती कृत्तिकेच्या हाती लागते. आता फाल्गुनरावाला दिसते ते एवढेच, की आपली बायको एका परक्या पुरुषाची तसबीर न्याहाळते आहे. आपण दिलेली भेट भलत्याच घरी पोचली, हे कळल्यावर अश्विनशेठही रेवतीविषयी साशंक होतो.

पुढचे सारे नाटक या एका तसबिरीभोवती फिरते. त्यात कोणीही खोटे बोललेले नाही आणि कोणाचेही वर्तन वावगे नाही. प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेले खरेच आहे. चुकला आहे तो त्यावरून काढलेला अर्थ. खलपुरुष नसलेले हे नाटक म्हणूनच निर्मळ विनोदाचा नमुना मानले जाते.

पॅरिसहून लंडन, लंडनहून महाराष्ट्र

तसबिरीची ही क्लृप्ती मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० मधील 'स्गानारेल' या प्रहसनातली. त्यातील संशयी नवऱ्याची भूमिका मोलिएर स्वतः करीत असे. आर्थर मर्फी या मूळच्या आयरिश नाटककाराने त्यावरून 'ऑल इन द राँग' हे पाच अंकी इंग्रजी नाटक रचले आणि १७६१ मध्ये ते लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात आले. देवलांनी आधार घेतला तो मर्फीचा. मर्फीचे सर जॉन रेस्टलेस आणि लेडी रेस्टलेस हे देवलांचे फाल्गुनराव आणि कृत्तिका झाले. बेव्हर्ली आणि बेलिंडा हे अश्विनशेठ आणि रेवती झाले.

देवलांचे असे हे पहिलेच काम नव्हते. त्यांचे 'दुर्गा' (१८८६) हे नाटकही अठराव्या शतकातील लंडनच्या रंगभूमीवरील एका नाटकावर आधारलेले होते. 'झुंझारराव' (१८९०) हे शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे, 'मृच्छकटिक' हे शूद्रकाच्या संस्कृत प्रकरणाचे आणि 'शापसंभ्रम' (१८९३) हे बाणभट्टाच्या 'कादंबरी'चे रूपांतर. त्यांचे सर्वस्वी स्वतंत्र असे नाटक एकच, ते म्हणजे 'शारदा' (१८९९). असे असूनही देवलांना केवळ अनुवादक म्हणून कोणी ओळखत नाही, याचे उत्तर पुढील तपशिलांत सापडते.

नावांचा खेळ

'संशयकल्लोळ'मधील सर्वांत उघड संदर्भयोजना पात्रांच्या नावांत आहे. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या ही पुरुषांची नावे महिन्यांवरून आलेली, तर कृत्तिका आणि रेवती ही स्त्रियांची नावे नक्षत्रांची. मर्फीनेही सर जॉनला 'रेस्टलेस', म्हणजे अस्वस्थ, असे स्वभावदर्शक आडनाव दिले होते. देवलांनी त्या कल्पनेचे भाषांतर न करता थेट पंचांग उघडले.

या निवडीतील गंमत पंचांगाशी परिचय असलेल्या प्रेक्षकाला अधिक जाणवते. चांद्रमासांची नावे पौर्णिमेच्या आसपास चंद्र ज्या नक्षत्री असतो त्यावरून पडली आहेत. कृत्तिकेवरून कार्तिक, विशाखेवरून वैशाख, अश्विनीवरून आश्विन, फल्गुनीवरून फाल्गुन. म्हणजे कृत्तिका ही नक्षत्रांच्या हिशेबाने कार्तिकाची. नाटकात मात्र ती फाल्गुनाच्या घरात नांदते, आणि त्या घरात शांतता नाही. उलट सत्तावीस नक्षत्रांच्या मालिकेत रेवती शेवटची आणि तिच्यानंतर पुन्हा आरंभ होतो तो अश्विनीपासून. रेवती आणि अश्विन यांचे शेजार आकाशातच ठरलेले आहे. देवलांनी हा हिशेब मांडला असो वा नसो, नावे मात्र चपखल बसली आहेत.

फाल्गुन हा शिमग्याचा महिना, सोंगांचा आणि बोंबांचा. गोव्यातील वाचकाला शिगमोत्सवामुळे हे वेगळे सांगण्याची गरज नाही. जो गृहस्थ स्वतःच्या अब्रूचा शिमगा स्वतःच करून घेतो, त्याला दुसरे कोणते नाव शोभले असते? गड्याला 'भाद्रपद' न म्हणता 'भादव्या' म्हणण्यातही लोकभाषेतील थट्टेची छटा आहे.

स्वतःच्याच नाटकांचे पडसाद

देवलांच्या नाट्यलेखनाचा क्रम लक्षात घेतला की आणखी एक संदर्भ उलगडतो. 'झुंझारराव' हे मत्सराचे शोकनाट्य. 'ऑथेल्लो'त एक हातरुमाल भलत्या हाती जातो, नवरा त्याला पुरावा मानतो आणि निष्पाप पत्नीचा जीव जातो. त्यानंतर तीनच वर्षांनी आलेल्या 'फाल्गुनरावा'त एक तसबीर भलत्या हाती जाते, नवरा तिलाही पुरावा मानतो आणि प्रेक्षक हसून लोटपोट होतात. कथानक मर्फीचे असले तरी ते निवडण्याचा निर्णय देवलांचा होता. ज्या मराठी प्रेक्षकाने झुंझाररावाचा संताप पाहिला होता, त्याला फाल्गुनरावाचा थयथयाट त्या संतापाचे विडंबन वाटला असल्यास नवल नाही. पुरुषाचा संशय एके ठिकाणी भयंकर ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी हास्यास्पद; दोन्हीकडे तो तितकाच निराधार असतो.

दुसरा पडसाद 'मृच्छकटिका'चा. मर्फीची बेलिंडा ही एका सभ्य गृहस्थाची मुलगी. देवलांनी तिच्या जागी नायकिणीची मुलगी आणली, आणि मूळ कथेत केलेला हा त्यांचा सर्वांत धाडसी बदल होय. गणिकेच्या कुळात जन्मलेली, एकनिष्ठ प्रेम करणारी आणि कुलस्त्रीचे स्थान इच्छिणारी नायिका मराठी प्रेक्षकांना वसंतसेनेच्या रूपाने परिचित होती. ती वसंतसेना मराठीत आणली होती देवलांनीच. रेवतीच्या मागे वसंतसेना उभी आहे. या संदर्भामुळे रेवतीकडे थट्टेचा विषय म्हणून पाहणे प्रेक्षकाला अवघड होते.

या बदलाला त्या काळी सामाजिक धार होती. नायकिणीच्या मुलीने विवाह करून संसार मांडावा की नाही, हा प्रश्न केवळ रंगमंचावरचा नव्हता. गोमंतक, कोकण आणि बेळगावच्या परिसरात देवळांच्या आणि संगीताच्या आश्रयाने जगणाऱ्या कलावंत कुटुंबांतील मुलींपुढे तो प्रत्यक्ष उभा होता आणि विसाव्या शतकात त्यासाठी सुधारणेच्या चळवळी झाल्या. 'संशयकल्लोळ' त्या प्रश्नावर व्याख्यान देत नाही. संशयाची चिखलफेक सर्वांवर झाल्यावर नाटक संपते ते रेवतीच्या विवाहाचा मार्ग मोकळा करून. नायकिणीच्या मुलीवर पहिला संशय घेण्याची जी समाजाची सवय होती, तीच येथे हास्याचा विषय झाली आहे.

चालींतील संदर्भ

१९१६ मध्ये या नाटकाला पदांची जोड मिळाली आणि संदर्भांचा आणखी एक थर त्यात आला. जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रती उघडल्या की, पदाच्या माथ्यावर बहुधा 'चाल' असा शब्द आणि त्यापुढे एखाद्या परिचित गाण्याचे नाव आढळते. नवे शब्द कोणत्या जुन्या सुरावर बसवले आहेत, याची ती उघड कबुली होती. प्रेक्षक नवे पद ऐकत असे आणि त्याच वेळी मनात जुने गाणे आठवत असे. भक्तीची चाल शृंगाराला, लावणीची चाल देवादिकांना किंवा बैठकीतील चीज नाटकातील भांडणाला लाभली की, त्या दोन आठवणींच्या घर्षणातूनच अर्थ निघे.

ही पद्धत रूढ केली अण्णासाहेब किर्लोस्करांनी. साकी, दिंडी, कामदा, लावणी यांच्या जोडीला त्यांच्या पदांत कानडी चालीही आल्या. गुर्लहोसूर-बेळगावच्या परिसरातील सूर पुण्याच्या प्रेक्षागृहात पोचले ते असे. मूळ कानडी गाणे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला ते केवळ गोड वाटले असेल. सीमाभागातील प्रेक्षकाला मात्र शब्द मराठी आणि सूर कानडी अशी दुहेरी ओळख पटत असणार. देवल याच परंपरेत वाढले. 'संशयकल्लोळ'मधील पदे त्यामुळेच विनोदाचा वेग अडवत नाहीत. अश्विनशेठच्या तोंडचे दरबारी रागातील पद मैफलीत स्वतंत्रपणे गायिले जाण्याइतके रागदारीचे आहे, तर इतर अनेक पदे गाता गाता बोलल्यासारखी सहज आहेत.

प्रयोगाचा इतिहास

१४ जून १९१६ रोजी देवलांचे निधन झाले. संगीत रूपातील 'संशयकल्लोळ'चा पहिला प्रयोग त्यानंतर, २० ऑक्टोबर १९१६ रोजी झाला; म्हणजे नाटककाराला तो पाहता आला नाही. प्रयोग होता १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचा. बालगंधर्वांनी रेवती साकारली आणि गणपतराव बोडस यांनी फाल्गुनराव. देवलांच्या तालमीत तयार झालेल्या बोडसांची ही भूमिका मराठी विनोदी अभिनयाचा मानदंड ठरली. 'माझी भूमिका' हे त्यांचे आत्मचरित्र त्या काळच्या नाट्यसृष्टीविषयीचा महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो.

बालगंधर्वांची रेवती हाही एक संदर्भच होता. शकुंतला, सुभद्रा, भामिनी अशा नायिकांच्या भूमिकांत प्रेक्षकांनी ज्यांना डोक्यावर घेतले होते, तोच नट नायकिणीच्या मुलीच्या भूमिकेत उभा राहिला आणि आधीच्या नायिकांची प्रतिष्ठा आपोआप रेवतीच्या वाट्याला आली.

पुढील काळात हे नाटक व्यावसायिक मंडळींइतकेच हौशी संस्थांनीही जपले. पौराणिक नाटकासारखा भपकेबाज सरंजाम त्याला लागत नाही. गाणारे दोन कलाकार आणि विनोदाची वेळ साधणारा एक फाल्गुनराव मिळाला की काम भागते. देवळांच्या उत्सवांत संगीत नाटके करण्याची प्रथा गोव्यात आजही टिकून आहे आणि तेथे अशा नाटकांना हक्काचा प्रेक्षक लाभतो. अलीकडच्या काळात प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी हे नाटक नव्या पिढीपुढे आणले.

सीमाभाग आणि संदर्भांचे आयुष्य

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव आणि निपाणीचा परिसर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये बेळगाव शहराचे अधिकृत नाव बेळगावी. सीमेचा वाद न्यायालयात आणि रस्त्यावर चालू राहिला. नाटकाची आठवण मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना कायम राहिली. फेब्रुवारी २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन बेळगावात भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी फय्याज होत्या. संगीत रंगभूमीवर कारकीर्द घडवलेल्या अभिनेत्रीने अण्णासाहेब किर्लोस्करांच्या जिल्ह्यात हा मान स्वीकारावा, यात औचित्य होते.

विनोदातील संदर्भांना मात्र आयुष्याची मर्यादा असते. महिने आणि नक्षत्रे ज्याला ओळीने पाठ आहेत, त्याला फाल्गुनरावाच्या घरातील कृत्तिका पाहून हसू येते. इंग्रजी किंवा कानडी माध्यमात शिकलेल्या मराठी मुलाला ती केवळ दोन जुनी नावे वाटतात. पदाच्या माथ्यावर लिहिलेली 'चाल' आज अनेकदा कोणालाच आठवत नाही. मूळ गाणे विसरले गेले आणि त्यावर बेतलेले पदच मूळ ठरले. वसंतसेना ठाऊक नसेल तर रेवतीचे धाडसही अर्धेच कळते. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यातील मराठी शाळा, वाचनालये आणि हौशी नाट्यमंडळे जेथे चालू आहेत, तेथे हे संदर्भ शिकवावे लागत नाहीत, ते ऐकून ऐकून मुरतात. जेथे ती थांबली, तेथे एकेक विनोद मुका होत जातो.

तरीही 'संशयकल्लोळ'ला प्रेक्षक मिळतो. सर्व संदर्भ गळून पडले तरी तसबिरीचा घोटाळा शिल्लक राहतो. फ्रेंच प्रेक्षक त्याला १६६० मध्ये हसले, मराठी प्रेक्षक आजही हसतात. देवलांनी परक्या कथेत घातलेली भर ज्याला कळते, त्याला त्याच प्रयोगात आणखी एक नाटक दिसते. बेळगावात शिकलेल्या एका मास्तरांनी पंचांग, पद आणि वसंतसेना यांच्या आधारे रचलेले ते नाटक असते.